आत्याचं दुसरं जेवण

माझी आत्या पोटाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनातून वाचली आणि घरी येऊन उपाशी राहिली. हे वाक्य मी ज्याला ज्याला ऐकवलं त्याने मला दुरुस्त केलं. उपाशी कशी? तुमच्याकडे दूधदुभतं होतं, आंब्याफणसांचं घर होतं, सख्खा भाऊ वकील होता. आजारच तसला, त्याला कोण काय करणार? असं बोलणाऱ्यांशी मी पुष्कळ वर्षं भांडले. आता भांडत नाही, पण वाक्यही बदलत नाही.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न झालं तेव्हा तिला नीट लुगडं नेसता येत नव्हतं. नवरा गेला तेव्हा ती आमच्या आजीजवळ सागरगोट्यांनी खेळत बसली होती म्हणे. तेव्हापासून ती रत्नागिरीला आमच्याच घरी. डोक्यावरून लाल आलवण, कपाळ मोकळं, आणि सोवळ्याचा सगळा स्वयंपाक तिच्या हातात. घरादाराला दोन वेळा वाढायचं आणि आपण दुपारी सगळ्यांच्या मागून एकदा जेवायचं, हा तिचा नेम. त्या जेवणानंतर शिजवलेलं अन्न दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात घालायचं नाही. रात्री आठवण झालीच तर मूठभर लाह्या, नाहीतर वाटीभर दूध. तिला कुणी हा नेम लावून दिला, हे घरात कुणी विचारत नसे. श्वास घ्यायला कोण शिकवतं?

मी तेव्हा गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला जात होते. बिनलग्नाच्या मुलीला नोकरीला पाठवतात म्हणून वडिलांना लोक नावं ठेवत आणि वडिलांना ती नावं आवडत. गावात तेव्हा सुधारणेचे वारे जोरात होते. सहभोजनं होत, व्याख्यानं होत, आणि वडील त्यांना पहिल्या रांगेत बसायला जात. घरी येऊन पडवीत अंगरखा काढता काढता ते व्याख्यानातले मुद्दे आम्हाला सांगायचे. आत्या माजघराच्या उंबऱ्याआड उभी राहून ऐकायची आणि शेवटी विचारायची, "दादा, पान वाढू का?"

तिचं दुखणं तिने किती दिवस लपवलं ते तिलाच माहीत. जेवण झालं की हात पोटावर दाबून ती मागच्या पायरीवर बसायची. मग अन्न राहीना. मग उलटीचा रंग काळपट दिसायला लागला, तेव्हा आईने तो बघितला आणि वडिलांना बोलावलं. आमच्या डॉक्टरांच्या बोटांना गाठ लागली. पोटातल्या गाठीचा माणूस गावात कुणी बरा झालेला ऐकिवात नव्हता. शेजारच्या बायका हळहळायच्या, पण तिच्यासाठी मुंबई करावी असं एकीच्याही मनात आलं नाही. वडिलांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात आगबोटीची तिकिटं काढली. विधवा बहिणीवर एवढा खर्च आणि एवढी धावपळ करणारा माणूस त्या काळी विरळा. हे श्रेय मी त्यांच्याकडून काढून घेत नाही, कारण पुढचं सगळं मला त्यांच्यावरच टाकायचं आहे.

मुंबईच्या इस्पितळात तिच्याजवळ बाईमाणूस हवं म्हणून मी गेले. सर्जन आपलेच होते, अंगाने आडवे आणि बोलायला फटकळ. त्यांनी अर्ध्याहून अधिक पोट कापून काढलं आणि उरलेलं आतड्याला जोडलं. पहिले काही दिवस ती जगते की नाही अशीच स्थिती होती. नाकातून नळी, ओठ फुटलेले, आणि कण्हणं इतकं हळू की मी तोंडाशी कान नेऊन ऐकायची. मग एका सकाळी तिने मला विचारलं, "घरी लोणच्याचे आवळे उकडले असतील का गो?" तेव्हा मला कळलं की ही आता परत आली.

निघायच्या आधी सर्जननी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि मूठ दाखवली. "बाई, पोट आता एवढंच राहिलंय. यात दिवसाचं अन्न एकदम कोंबलंत तर ते राहणार नाही. बशीभर खायचं, दोन-अडीच तासांनी परत बशीभर. मऊ भात, वरण, ताक. खाताना पाणी ढोसायचं नाही. गोड फार नको, घेरी येईल. मी माझं काम केलं. आता तुम्ही जगणार की नाही हे तुमच्या खाण्यावर आहे."

आणि इस्पितळात ती खात होती. मला अजून ते चित्र दिसतं आणि अजून माझा संताप होतो. वसईकडची एक नर्स होती, गळ्यात क्रूस. ती उशांचा ढीग करून आत्याला उठवून बसवायची आणि चमच्याने भात भरवायची. सकाळी पेज, मग ताक, मग भात, संध्याकाळी पुन्हा ऊन भात. आत्याने एकदाही तोंड फिरवलं नाही. प्रवासात आणि आजारपणात आपद्धर्म असतो, तिथे नेम लागत नाहीत, हे ती मला समजावून सांगायची. एका संध्याकाळी भात संपवून म्हणाली, "आपद्धर्म चांगला आहे हो. आधी कळतं तर लवकर आजारी पडले असते." मी हसले. नर्सला काही कळलं नाही, पण तीही हसली. आत्याच्या गालाची हाडं थोडी झाकली गेली होती. व्हरांड्यात माझा हात धरून ती टोकापर्यंत जाऊन यायची.

आम्ही बोटीने परत आलो. बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरताना तिने माझा आधार घेतला नाही. बंदरावर वडील उभे होते. तिला चालत येताना बघून त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. घरी गेल्यावर तिने डोक्यावरून आंघोळ केली, पंचगव्य घेतलं, आणि इस्पितळातलं खाणं, शिवणं, सगळं त्याबरोबर धुऊन निघालं. शेजारच्या बायका बघायला आल्या. "आता बरी ना?" असं प्रत्येकीने विचारलं आणि आत्याने प्रत्येकीला "बरी" म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी मी मऊ भात घेऊन तिच्यापाशी गेले. तिने ताटाकडे बघितलं, मग पडवीकडे बघितलं. वडील पक्षकाराशी बोलत बसले होते.

"आता घरी आले ना गो," ती म्हणाली. "आपद्धर्म तिकडचा."

"पोट तर तेच आहे ना? का ते तिकडे ठेवून आलीस?"

"मी बरी झाले. बऱ्या माणसाने तसं खायचं नसतं."

आमच्या लोकांची ही समजूत मला पुढे पुष्कळ ठिकाणी दिसली. इस्पितळ म्हणजे आजार आणि घर म्हणजे बरं होणं. घरी आलेल्या माणसाने आजाऱ्यासारखं वागणं म्हणजे देवाने केलेल्या उपकाराला नाही म्हणणं. आत्याला तर बरं व्हायची फारच घाई होती. सोवळ्याच्या चुलीपाशी तिची जागा होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. दिवसातून सहा वेळा खाणारी बाई त्या चुलीपाशी कशी बसणार?

मी वडिलांकडे गेले. ते म्हणाले, "तिचा इतक्या वर्षांचा नेम आहे. तो मोड म्हणून मी कसा सांगू? तिच्या श्रद्धेवर मी जबरदस्ती करणार नाही. मी त्यातला नाही."

मी परत आत्याकडे गेले. ती म्हणाली, "दादाच्या घरात राहून मी दोनदा जेवायला लागले तर लोक दादाला बोलतील. तो स्वतः म्हणाला तर गोष्ट वेगळी."

मी परत पडवीत. "तिने मला एकदा विचारावं," वडील म्हणाले. "मी लगेच हो म्हणेन."

परत माजघरात. आत्या तांदूळ निवडत होती. तिची बोटं थांबली. "असं कसं गो विचारायचं? खायला मागितल्यासारखं होतं ते."

लहानपणापासून भावाच्या घरी राहिलेली बाई सगळं करील, पण खायला मागणार नाही. हे वडिलांना कळायला हवं होतं. पक्षकाराच्या पोटातलं न बोललेलं काढून घेण्यावर त्यांचं घर चालत होतं. घरातल्या बाईच्या पोटातलं मात्र तिने अर्ज केल्याशिवाय त्यांना ऐकू येत नव्हतं.

मध्ये आईने एक तोड काढली. शिजवलेलं धान्य चालत नाही ना, मग फराळ तर चालतो. झालं, घर कामाला लागलं. सकाळी केळ्याचं शिकरण, दुपारनंतर खजूर, संध्याकाळी साबुदाण्याची खीर, गूळ घालून रताळी, रात्री साखर घालून आटवलेलं दूध. शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. जिला तिला वाटायचं की गोड खाऊन अंग भरतं. आत्या नको म्हणत नसे, फराळ म्हणजे काही जेवण नव्हे. पण खीर पोटात गेली की थोड्या वेळाने तिच्या कपाळावर घाम फुटायचा, छाती धडधडायची, हातपाय कापायचे, आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटायची. मी मुंबईच्या सर्जननी सांगितलेलं बोलून दाखवायची. सगळे माना डोलवायचे. "अशक्तपणा आहे," असं म्हणून आई दुधात आणखी एक चमचा साखर घालायची.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी एकदा तिला त्या घामात बघितलं आणि ते चिडले. "गोड बंद करा. हे तिला मारील. भात द्या, मीठ घालून, थोडा थोडा. अंडं चालेल का?" अंडं हा शब्द ऐकताच आईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, जणू डॉक्टर खिशातून काढून ते चुलीवर ठेवणार होते. आत्यालाच हसू आलं.

वडील एका शास्त्रीबुवांकडे जाऊन आले. भाजलेलं धान्य शिजवलं तर ते फराळात धरता येतं असा निकाल घेऊन आले आणि खटला जिंकल्यासारखे खूश झाले. मग तांदूळ खरपूस भाजायचे, जाडसर दळायचे आणि सैंधव घालून त्याची पेज करायची, असं सुरू झालं. ती पेज आत्याला मानवली. ती घेतल्यावर घाम येत नसे. आंब्याच्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. विहिरीपर्यंत जाऊन यायला लागली, आमसुलं कशी वाळत घातली आहेत यावरून आईला बोलायला लागली. त्या दोन महिन्यांत मला मनापासून वाटलं की आपण ही लढाई जिंकतो आहोत. इतकी आशा मला करायला नको होती.

आषाढी आली. चातुर्मासाचा नेम धरायचा म्हणून आत्याने देवापुढे पाणी सोडलं, आणि मग आम्हाला सांगितलं. फराळ वर्ज्य. दुपारचं जेवण तेवढं, मध्ये पाण्याशिवाय काही नाही. मी शाळेतून भिजत आले तेव्हा ती वाती वळत बसली होती.

"हे काय केलंस तू?"

"देवाने जीव दिला. मी त्याला काय दिलं?"

"देवाने दिला तो परत करते आहेस."

"तू शिकलीस म्हणून असं बोलतेस," ती म्हणाली, रागाने नव्हे. मग वात वळता वळता थांबली आणि म्हणाली, "दादाला सांगितलं मी. तो काही बोलला नाही."

मी पडवीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडले. ते खुर्चीत ताठ बसून ऐकत राहिले. "ती कृतज्ञतेने करते आहे," ते म्हणाले. "मला तिच्या आणि देवाच्या मध्ये जायचा काय अधिकार?" त्याच आठवड्यात घरी आलेल्या पाहुण्यांना ते बहिणीच्या निष्ठेबद्दल सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. तो अभिमान मी विसरले नाही. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

एकच जेवण म्हटल्यावर ती दिवसभराचं अन्न त्यातच घ्यायला बघायची. पूर्वीसारखा भाताचा ढीग, वर वरण, आमटी, ताक. मुठीएवढ्या पोटात ते कसं मावणार? निम्म्यावर तिचा चेहरा पांढरा पडायचा. पानात टाकायचं नाही ही तिची सवय, म्हणून ती उरलेलंही संपवायची. मग मागच्या पायरीवर जाऊन सगळं ओकायची आणि पावसाच्या पाण्याने तोंड धुऊन परत यायची. उद्या या वेळेपर्यंत काही नाही. त्या महिन्यात तिच्या हातातली कामं एक एक करून आईने काढून घेतली. शेवटी चुलीपाशी बसणंही राहिलं. ज्या जागेसाठी तिने हे सगळं केलं ती जागाच गेली.

मुंबईला परत न्यावं म्हटलं तर पावसाळ्यात बोटी बंद. मोटारीने हातखंब्यावरून घाट चढून जाण्याइतका जीव तिच्यात उरला नव्हता. श्रावणात तिचे डोळे पिवळे दिसायला लागले.

डॉक्टर दुपारी आले, तिला तपासून पडवीत येऊन बसले. मी दाराशी उभी होते. त्यांनी आवाज खाली केला नाही. पोटात पुन्हा गाठी लागताहेत, कावीळ झाली आहे, जोडलेल्या ठिकाणची वाटही आता बंद होत चालली आहे. पाणी उतरेल तेवढं उतरेल. "आता पथ्य काही नाही," ते म्हणाले. "मागेल ते द्या. फार दिवस नाहीत."

वडिलांनी विचारलं, "ती नीट जेवली असती तर?"

डॉक्टरांनी टोपी हातात घेतली. "सांगता येत नाही. रोग कदाचित आलाच असता. पण अंगात काही असतं तर ती त्याच्याशी झगडली असती. थोडे महिने तरी." मग त्यांना वाटलं असावं की आपण जास्त बोललो, म्हणून ते म्हणाले, "कुणाचा दोष नाही." वडील पुढे आयुष्यभर या शेवटच्या तीन शब्दांवर राहिले. आधीची वाक्यं त्यांना आठवत नसत.

त्याच दिवशी, देवापाशी दिवा लावून झाला होता आणि आत्या माजघरात पडून होती, तेव्हा वडील स्वयंपाकघरात गेले. सोवळं नेसले नव्हते, कोर्टात नेसून गेलेलं धोतरच होतं. आईला त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं, भात स्वतः मऊ कालवला, तूप-मीठ घातलं आणि ताट घेऊन तिच्यापाशी जमिनीवर बसले. बहिणीला वाढताना मी त्यांना त्याआधी कधीच बघितलं नव्हतं. मला रडू यायला हवं होतं, आला तो राग. आमच्या घरात परवानगी निरुपयोगी झाल्यावरच मिळत असे.

"भात आणलाय," ते म्हणाले. "खा."

आत्याने दाराबाहेरचा काळोख बघितला. "आत्ता?"

"हो. मी सांगतो, खा."

मी तिला पाठीमागून धरून बसवलं. पाठीचा एक एक मणका माझ्या हाताला लागत होता. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, हात धुवायला पाणी मागितलं आणि आपल्या हाताने घास घेतला. तो गिळायला तिला वेळ लागला. मग दुसरा घेतला.

"दादा, तुला चालतं हे?"

"मला कधी चालत नव्हतं? मला वाटलं, तुला चालायचं नाही."

"आणि मला वाटत होतं, तुला." ती हसली. वाळक्या ओठांनी, पण चांगली हसली, कुणीतरी तिचं एखादं जुनं ओझं उतरवावं तशी. "एवढंच होतं होय? आधी बोलायचंस."

तिसरा घास तोंडात फिरत राहिला आणि खाली जाईना. मी वाटी पुढे केली. तिने तो टाकला, तोंड पुसलं, आणि वाईट वाटून घेतलं नाही.

"आता रोज खाईन हो," ती वडिलांना म्हणाली. "मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय तसं, थोडं थोडं. चातुर्मासाच्या नेमाचं देवाला सांगेन, दादाने सांगितलं म्हणून मोडला. गणपतीत मोदक वळायला उठून बसेन की नाही बघ."

"बसशील," वडील म्हणाले.

ते उठायला लागले आणि त्यांनी ताट उचललं. आत्याने हात पुढे करून ते धरलं आणि अंथरुणाजवळ ठेवून घेतलं, मागाहून आणखी चार घास जातील म्हणून.